माया ठेवून बेतावे

आमच्या रात्रीच्या वर्गाचे ते पहिले वर्ष होते. गाव सातारा जिल्ह्यातले, माणदेशातले. पाऊस थोडा आणि माळ फार. दिवाळी जवळ आली होती. वर्गाला येणाऱ्या बायांच्या मुलांना घरच्या घरी सदरे शिवून द्यावेत, असे आम्ही ठरवले. तालुक्याहून कापड आणले. सहा मुलांना ओळीने उभे केले. छाती मोजली, उंची मोजली, आकडे वहीत लिहिले. मग अगदी त्या आकड्याबरहुकूम कापड कापले.

सदरे शिवून झाले आणि एकाही सदऱ्यात मूल मावेना. एकाचे डोकेच गळ्यातून जाईना. दुसऱ्याने हात वर केला तसे काखेत टर्रकन उसवले. बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. आम्हाला मात्र रडू यायचेच बाकी राहिले. सण चार दिवसांवर आला होता आणि कापडाचे पैसे संपले होते.

दाराशी एक आजी बसल्या होत्या. त्यांनी एक सदरा मागून घेतला. उलटा केला. शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "आवं ताई, माया ठेवलीच न्हाई की!"

माया म्हणजे काय? शिवणीच्या आतल्या बाजूला थोडे जास्तीचे कापड ठेवतात. बाहेरून ते दिसत नाही. त्या कापडाला माया म्हणतात. माया असली म्हणजे शिवण उसवून कपडा पुन्हा मोठा करता येतो. मूल वाढते, कपडा वाढत नाही. म्हणून शहाणी बाई आधीच आत माया ठेवून देते. आम्ही शाळा शिकलेलो, पण हे आम्हाला ठाऊक नव्हते.

आजींनीच मग वाट दाखवली. काखेत चौकोनी तुकडा घालायला सांगितला. दोन्ही कुशींना उभ्या पट्ट्या जोडायला लावल्या. पट्ट्या दुसऱ्या रंगाच्या होत्या, पण मुलांना त्याच आवडल्या. सहापैकी चार सदरे वाचले. दोन सदरे धाकट्या भावंडांना गेले. तेव्हापासून आमच्या वर्गात अक्षरांच्या बरोबर टेपही आला.

टेप वाचायला शिकू

तुमच्यापैकी पुष्कळ जणींना हातांनी आणि बोटांनी माप घेता येते. हे माप फार जुने आहे. २४ बोटांचा एक हात. हाताची अर्धी वीत. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी. ती साधारण १८ इंच धरतात. दोन हातांचा एक वार, म्हणजे ३६ इंच. नऊवारी लुगडे हे याप्रमाणे १८ हात होते.

पण यात एक अडचण आहे. तुमचा हात आणि दुकानदाराचा हात सारखा नसतो. सासूचा हात आणि सुनेचा हातही सारखा नसतो. गोधडीला बोटभर कमीजास्त झाले तर बिघडत नाही. सदऱ्याला बिघडते. चोळीला तर फारच बिघडते. तिथे टेप हवा.

शिंप्याचा टेप हातात घ्या. एका बाजूला १ पासून ६० पर्यंत आकडे आहेत. ते इंच. टेप उलटा. इथे आकडे दीडशेच्या पुढे जातात. ते सेंटिमीटर. एका इंचात अडीच सेंटिमीटर बसतात, किंचित जास्त. १०० सेंटिमीटरचा एक मीटर होतो.

आता वार आणि मीटर यांत घोटाळा करू नका. आपल्या देशात मीटरचा कायदा १९५६ साली झाला. दुकानात कापड मीटरने मिळते. आपल्या तोंडात मात्र अजून वार बसलेला आहे. वार ३६ इंचांचा, मीटर ३९ इंचांपेक्षा थोडा मोठा. म्हणजे मीटरमागे तीन इंचांहून थोडा जास्त फरक पडतो. एका मीटरला हा फरक चार बोटांचा. नऊ मीटरला तो पाऊण वाराच्या वर जातो. नऊ वार लुगडे हवे असेल तर ते ८ मीटर २३ सेंटिमीटर भरते. नऊ मीटर मागितलेत तर पाऊण मीटरचे पैसे उगाच जातील.

टेप धरताना दोन चुका होतात. एक म्हणजे तो आवळून धरणे. टेप आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटे सरकली पाहिजेत. दुसरी चूक म्हणजे टेपाचे टोक सोडून १ च्या आकड्यापासून मोजणे. मग माप एक इंच चुकते. आमच्या वर्गात ही चूक सगळ्यांनी एकेकदा केली आहे. आम्हीही केली.

मुलाचा सदरा

आता तोच सदरा पुन्हा बेतू. मुलाची छाती टेपाने २४ इंच भरली. यात आधी सैल मिळवा. सैल आणि माया या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सैल अंगाबाहेर असते. तिच्यामुळे मुलाला पळता येते, झाडावर चढता येते. माया शिवणीच्या आत असते. सदऱ्याला चार इंच सैल पुरे. २४ आणि ४ मिळून २८ झाले. पुढचा भाग १४ इंच, मागचा भाग १४ इंच. आता प्रत्येक भागाच्या दोन्ही कडांना एकेक इंच माया द्या. म्हणजे प्रत्येक भाग १६ इंच रुंद कापायचा. आम्ही पहिल्या वर्षी तो १२ इंच कापला होता! शिवणीत आणखी गेले ते वेगळेच.

उंचीला खाली दोन इंच जास्त ठेवा. ते आत दुमडून हाताने टाके घाला. पुढच्या वर्षी हीच दुमड उलगडता येते.

गळा नेहमी लहान कापावा. लहान गळा मोठा करता येतो. मोठा झालेला गळा लहान करता येत नाही. हा नियम आजींनी सांगितला आणि सगळ्या शिंप्यांनाही तो मान्य आहे.

आणखी एक गोष्ट. नवे सुती कापड आणल्याबरोबर कापू नका. रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी न पिळता वाळत घाला. सुती कापड पहिल्या पाण्याला आटते. शिवल्यावर आटले तर ठेवलेली सैल पाण्यात जाते आणि आपण म्हणतो, मुलगा महिनाभरात वाढला.

जुन्या कपड्याला ठिगळ लावायचे असेल तर ठिगळही जुन्याच कापडाचे घ्यावे. नवे ठिगळ धुण्यात आटते, जुन्या कापडाला ओढते आणि भोवतीने पुन्हा फाटते. ठिगळाचे कोपरे गोल कापावेत. टोकदार कोपरा आधी सुटतो. ठिगळाची लाज मात्र धरू नये. गाडगे महाराज चिंध्या जोडलेले वस्त्र घालून गावोगाव फिरले. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. लाज धरावी ती मळक्या कपड्याची, असे आमचे मत आहे.

आईचे लुगडे

आता गोधडीकडे वळू. गोधडीला कुठे वाकळ म्हणतात. चार पदरी असली तर चौघडी. लहान मुलाचे ते दुपटे. शेजारच्या कर्नाटकात तिला कौदी म्हणतात. बंगालमध्ये जुन्या साड्यांचा कांथा शिवतात आणि बिहारमध्ये सुजनी. नावे निराळी, पण जुने मऊ कापड, सुई, धावदोरा आणि दुपारचा वेळ, एवढे साहित्य सगळीकडे सारखेच आहे.

आमच्या वर्गात एक बाई येत. त्यांचा मुलगा सातवी झाला आणि तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहायला गेला. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तेव्हा त्याच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. विचारले तर म्हणाला, "रात्री फरशी गार लागते." एक चादर नेली होती, ती खाली घालावी तर वर काही नाही आणि वर घ्यावी तर खाली काही नाही. पोराने शाळा सोडायची गोष्ट काढली नाही. पण आई मनात समजली.

घरात जुने कापड फारसे नव्हते. आदल्याच साली भांडी विकणाऱ्या बाईला जुनी लुगडी देऊन दोन पातेली घेतली होती. एकच लुगडे उरले होते. ते या बाईंच्या आईचे. आई वारली, तेव्हा भावाने ते बहिणीला दिले होते. ट्रंकेत तळाशी ठेवलेले असे. कधी ट्रंक उघडली तर त्या फक्त हात लावून पुन्हा बंद करीत.

एके दिवशी दुपारी त्या ते लुगडे घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "ताई, हे फाडायचं हाय. एकदाच फाडता येतं. चुकायला नको."

आम्ही टेप काढला. त्यांनी आपल्या हाताने मोजले. त्यांच्या हाताने लुगडे साडेअठरा हात आणि वर दोन बोटे भरले. त्या गप्प झाल्या. लुगडे १८ हातांचे, हे त्यांना आईकडून ठाऊक होते. जुने कापड वाढते कसे? मग आम्ही त्यांचा हात टेपाने मोजला. तो १७ इंच होता. त्या म्हणाल्या, "आईचा हात मोठा व्हता." टेपाने लुगडे ३१६ इंच भरले. नवे असताना ते ३२४ इंच असणार. धुवून धुवून आठ इंच आटले.

आता हिशेब करू. तुम्हीही पाटी घ्या. आम्ही बाईंना सांगितले, चार हातांचे, म्हणजे ७२ इंचांचे चार तुकडे करा. ७२ चोक २८८. ३१६ मधून २८८ गेले, उरले २८. त्या २८ इंचांत उशीचा अभ्रा होईल. हिशेब चोख होता.

बाईंनी मान हलवली. त्या म्हणाल्या, "अभ्रा नको. पोरगं वाढतंय. लांबी द्या." आम्ही पुन्हा भागाकार केला. ३१६ भागिले ४, उत्तर ७९. प्रत्येक तुकडा ७९ इंच. सात इंच लांबी वाढली. आमचा भागाकार होईपर्यंत बाईंनी लुगडे दुहेरी घातले, पुन्हा दुहेरी घातले आणि घडीवर कोळशाने खुणा केल्या. टेप लावून पाहिले तर प्रत्येक खूण ७९ वरच. आम्ही पाटी खाली ठेवली.

मग आम्ही एक सूचना केली. फाडायचे कशाला? लुगडे नागमोडी घडी घालून तसेच अंथरू, शिवण वाचेल. बाईंनी उत्तर न देता लुगडे उन्हात धरले. उजेड कापडातून कुठे जास्त येतो ते पाहा, म्हणाल्या. दोन्ही टोके घट्ट होती. मधले चार हात, बसाउठायच्या जागी येणारे, अगदी जाळीसारखे विरले होते. नागमोडी घडी घातली तर लुगड्याचा मध्य घडीवरच येतो. विरलेल्या भागावर विरलेला भाग पडतो आणि गोधडी त्याच जागी पहिल्या हिवाळ्यात फाटते. फाडून चारही तुकडे एकाच दिशेने अंथरले, तर दुसऱ्या तुकड्याचा विरलेला भाग पायाशी जातो आणि तिसऱ्याचा डोक्याशी जातो. पहिला आणि चौथा तुकडा घट्ट आहेत. एक तळाला, एक वरती. विरलेले दोन्ही आत झाकले जातात.

हे त्यांना कुणी पाटीवर शिकवले नव्हते. आम्ही वहीत लिहून घेतले.

कात्रीने न कापता त्यांनी काठाशी बारीक छेद दिला आणि कापड हातांनी फाडले. फाडलेले सुती कापड आडव्या धाग्यात सरळ जाते. कात्री वाकडी जाऊ शकते. फाडण्याचा आवाज झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते, एवढे आम्हाला आठवते.

अंथरणे आणि टाचणे

चार पदर झाले, पण थंडीला चार थोडे कमी. मधे घालायला मुलाचेच जुने शाळेचे सदरे निघाले. त्यांच्या शिवणी उसवल्या. कॉलर, बटणे आणि जाड जोड काढून टाकले. असे जाड जोड आत राहिले तर अंगाला टोचतात आणि सुईही मोडते. सपाट कापड तेवढे घेतले.

सगळे कापड आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे. जुन्या कापडात नवे कापड मिसळू नये. मिसळायचेच असेल तर आधी दोनदा पाण्यातून काढावे. नाहीतर पहिल्या धुण्याला नवा पदर आटतो, जुने पदर तसेच राहतात आणि सगळी गोधडी चुण्या पडून गोळा होते.

सारवलेली जमीन वाळली की तिच्यावर तळाचा तुकडा पसरा. चार कोपऱ्यांवर चार दगड किंवा पाण्याचे तांबे ठेवा. एकेक पदर वर घाला. दर वेळी मधून बाहेर असा हात फिरवा. चुणी बाहेर ढकलायची, आत नाही. वरचा पदर घातल्यावर चारी कडा एकेक इंच आत दुमडा.

आता लगेच शिवायला बसू नका. आधी टाचा. लांब लांब कच्चे टाके घाला. मध्यापासून सुरुवात करा आणि चारी बाजूंना वीत वीत अंतराने जा. काही बाया टाचण्याचा कंटाळा करतात आणि कडेपासून गोल गोल आत शिवत येतात. मग सगळ्या पदरांची ढिलाई पुढे पुढे सरकते आणि मध्यावर फुगा येतो. तो फुगा शेवटी कापूनच काढावा लागतो. टाचण्यात एक दुपार जाते. फुगा काढण्यात चार जातात.

दोऱ्याचाही हिशेब आधी करता येतो. बाईंच्या लुगड्याचा पन्हा ४५ इंच. कडा दुमडून ४३ राहिला. लांबी ७९ ची ७७ झाली. दोन बोटे अंतराने, म्हणजे दर दीड इंचाला एक ओळ घेतली, तर २९ ओळी होतात. २९ गुणिले ७७ बरोबर २२३३ इंच. त्याला ३६ ने भागा. ६२ वार. सुई खालीवर जाते, गाठी मारतो, शेवटी टोके उरतात. म्हणून ७५ वार दोरा धरावा. दुहेरी दोरा घेणार असाल तर दीडशे. रीळ घेताना त्याच्यावर लिहिलेला आकडा वाचा. तो वाराचा आहे की मीटरचा, हेही पाहा.

सुई लांब आणि मजबूत घ्यावी, पण पोती शिवायचे दाभण घेऊ नये. त्याने जुन्या कापडाला भोके पडतात. दोरा हातभर, फार तर दीड हात घ्यावा. लांब दोरा गुंततो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला तर सुरळीत जातो. गाठ दोन पदरांच्या मधे लपवावी. मधल्या बोटात अंगुस्तान घालावे. आपल्याकडे ते घालायची सवय कमी आहे आणि म्हणून गोधडी शिवणाऱ्या बाईचे बोट नेहमी सुजलेले असते.

सुट्टीचे बारा दिवस उरले होते. २९ ओळी, १२ दिवस. दिवसाला अडीच ओळी पडतात. पण बाई दिवसा शाळू खुरपायला जात. रात्री दिव्याशी बसून शिवत. चौथ्या दिवशी मोजले तर सातच ओळी झाल्या होत्या. दहा व्हायला हव्या होत्या. मग वर्गातल्या बाया आपणहून आल्या. गोधडीच्या चार बाजूंना चौघी बसल्या. त्या आठवड्यात वर्गात वाचन झाले नाही. एकीने ओळी मोजायच्या आणि पाटीवर आकडा लिहायचा, एवढेच लिहिणे झाले.

पदराचा तुकडा बाईंनी वरती घेतला होता. पदराचा काठ त्यांनी डोक्याकडच्या बाजूला ठेवला.

आजची कापडे

आता घरात सुती लुगडी कमी झाली आहेत. बहुतेक साड्या कृत्रिम धाग्याच्या असतात. त्या टिकतात, लवकर वाळतात, रंगही जात नाही. म्हणून त्यांच्या गोधड्या होऊ लागल्या. त्या वाईट नाहीत, पण ते कापड घाम शोषत नाही. पदर एकमेकांवरून घसरतात, म्हणून टाचण दाट करावी लागते. आणि विस्तवाजवळ ते फार धोक्याचे. सुती कापड जळते, हे तर वितळून कातडीला चिकटते. अशी गोधडी चुलीजवळ अंथरू नये. अंगाकडचा पदर तरी सुती असावा. जुने धोतर, जुना पंचा, जुनी सुती चादर त्याला चालते.

तान्ह्या मुलाचे दुपटे तर सगळेच सुती करा. काही घरांत बाळ जन्मायच्या आधी नवे कपडे शिवत नाहीत. त्याला आमची हरकत नाही. बाळाला जुनेच कापड बरे. ते मऊ असते आणि त्याच्यातली खळ केव्हाच निघून गेलेली असते. झबल्याला बटण लावू नका, बंद लावा. बटण तुटून तोंडात जाते. दुपटे बाळाच्या छातीपर्यंतच घ्यावे. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर पांघरूण कधीही येऊ देऊ नये.

जाड गोधडी फार उबदार, असा एक समज आहे. खरे पाहता ऊब येते ती पदरांच्या मधे अडकलेल्या हवेने. आठ पदरांची एक गोधडी शिवण्यापेक्षा चार-चार पदरांच्या दोन शिवा. एकावर एक घेतल्या की मधेही हवा राहते. दुसरा फायदा धुण्याचा. आठ पदरी गोधडी भिजली की एका बाईला उचलत नाही. मग ती धुतलीच जात नाही. वर्षानुवर्षे तशीच वापरतात आणि ढेकूण होतात. घरात कुणाला खरूज झाली तर अंथरूण-पांघरूण गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावेच लागते आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध घ्यावे लागते. चार पदरी गोधडी दोघी जणी सहज पिळतात.

तुमच्याजवळ जुनी सुती साडी असेल तर हा हिशेब करून पाहा. साडी साडेपाच मीटर आहे. गोधडी १ मीटर ८० सेंटिमीटर लांब हवी. किती पदर होतील? किती कापड उरेल? उत्तर पाटीवर मांडा. मग साडी उन्हात धरा आणि विरलेला भाग कुठे आहे ते पाहून कोणता पदर कुठे घालायचा ते ठरवा.

त्या मुलाची गोधडी शाळा उघडायच्या आदल्या रात्री पुरी झाली. शेवटची ओळ थोडी वाकडी गेली. मुलाने ती घडी करून दोरीने बांधली आणि सकाळच्या गाडीने नेली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो ती धुवायला घरी घेऊन आला. आम्ही मुद्दाम पाहायला गेलो. पायाकडचा एक कोपरा सुटला होता, पण कुणीतरी तो शिवलेला होता. टाके लांब, वेडेवाकडे आणि दोरा काळा. आईने विचारले, "कुणी शिवलं रं?" मुलगा म्हणाला, "मीच." शेजारचा एक गडी हसला. त्याला आजी म्हणाल्या, "हसतुस कशाला? नामदेव महाराज शिंप्याच्याच घरचे की!"

गोधडी नदीवर नेऊन धुतली. वाळल्यावर आईने सगळ्या ओळी तपासल्या. दोन ठिकाणी दोरा तुटला होता, तिथे नवा घातला. काळ्या दोऱ्याचा कोपरा त्यांनी पाहिला, दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला. घट्ट होता. तो त्यांनी उसवला नाही.